तुमचं घर नेमकं कोणत्या मतदारसंघात? मुंबई उपनगरांच्या सीमारेषा आणि खासदारांची ७० वर्षांची गोष्ट

४ जून २०२४. लोकसभेची मतमोजणी. मुंबई उत्तर पश्चिमची मोजणी गोरेगावच्या नेस्को केंद्रात सुरू होती आणि आकडे सारखे खाली-वर होत होते. शेवटी निकाल लागला तो असा: शिवसेनेचे रवींद्र वायकर ४,५२,६४४ मतं, ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर ४,५२,५९६ मतं. फरक फक्त ४८ मतांचा.

४८ मतं म्हणजे किती? अंधेरी किंवा जोगेश्वरीतल्या एखाद्या मध्यम सोसायटीच्या एका विंगमधले मतदार. नऊ लाखांहून जास्त मतं दोघांत वाटली गेली आणि खासदार ठरला तो एका विंगच्या फरकाने.

निकालानंतर मतांच्या फेरमोजणीवर, टपाली मतांवर भरपूर चर्चा झाली. एका गोष्टीवर मात्र फारसं कुणी बोललं नाही. ज्या जागेवर ही लढत झाली, त्या जागेची हद्द कोणी आखली आणि कधी? २००४ पर्यंत वांद्रे आणि विलेपार्ले हे भाग मुंबई उत्तर पश्चिममध्ये होते. आज ते मुंबई उत्तर मध्यमध्ये मतदान करतात. माणसं तिथेच राहिली, रेषा हलली. मत मोजलं जातं मतमोजणीच्या दिवशी, पण त्याचं वजन किती हे त्याआधी कित्येक वर्षं, नकाशावर ठरलेलं असतं.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांच्या बाबतीत हे वजन तब्बल ३० वर्षं कमी भरत होतं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात १९५२ च्याही आधीपासून करावी लागते.

आधी 'उपनगर' म्हणजे काय?

आज 'मुंबई' म्हटलं की कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतचं शहर डोळ्यांसमोर येतं. पण १०० वर्षांपूर्वी मुंबई शहर माहीम आणि सायनला संपायचं. खाडीपलीकडचं साष्टी बेट ठाणे जिल्ह्यात होतं. १९२० मध्ये त्यातला भाग वेगळा काढून 'मुंबई उपनगर' नावाचा जिल्हा करण्यात आला.

पुढे महापालिकेची हद्द दोन टप्प्यांत वाढली. १९५० मध्ये ती पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली. १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. अशी बृहन्मुंबई तयार झाली. ऑक्टोबर १९९० मध्ये बृहन्मुंबईचे पुन्हा दोन महसुली जिल्हे झाले: मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे.

हे लक्षात ठेवायचं कारण एकच. महापालिका एक असली तरी जिल्हे दोन आहेत, आणि विधानसभेच्या जागा जिल्हानिहाय वाटल्या जातात.

१९५२: अख्ख्या उपनगराला एक खासदार

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून लोकसभेवर चार जण गेले. मुंबई शहर दक्षिणमधून स. का. पाटील. मुंबई शहर उत्तर ही 'दोन सदस्यांची' जागा होती. अशा जागेवर प्रत्येक मतदाराला दोन मतं असत आणि निवडून येणाऱ्या दोघांपैकी एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असे. इथून विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर निवडून आले. याच जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पराभव झाला. काजरोळकरांना १,३८,१३७ मतं पडली, बाबासाहेबांना १,२३,५७६. ही दोन सदस्यांची पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

चौथी जागा होती 'मुंबई उपनगर'. तिथून काँग्रेसच्या जयश्री रायजी निवडून आल्या. स्वातंत्र्यचळवळीतल्या आणि समाजकार्यातल्या या कार्यकर्त्या म्हणजे उपनगरांच्या पहिल्या खासदार. उपनगरांचं संसदेतलं खातं एका महिलेने उघडलं, हे आज फार थोड्यांना माहीत आहे.

१९५७ आणि १९६२: मेनन यांची उत्तर मुंबई

१९५७ ला 'मुंबई उपनगर' हे नाव यादीतून गेलं. उपनगरं 'मुंबई शहर उत्तर' या जागेशी जोडली गेली. तिथून काँग्रेसने उभे केले व्ही. के. कृष्ण मेनन. मूळचे केरळचे, अर्धं आयुष्य लंडनमध्ये गेलेलं, आणि पंडित नेहरूंचे अगदी जवळचे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने मुंबई पेटलेली असतानाही ते जिंकले आणि देशाचे संरक्षणमंत्री झाले.

१९६२ ला इथली लढत देशभर गाजली. मेनन यांच्यासमोर होते आचार्य कृपलानी, म्हणजे काँग्रेसचेच माजी अध्यक्ष, आता विरोधकांचे उमेदवार. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी जिंकले. त्याच वर्षी चीनने आक्रमण केलं आणि मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं.

१९६७: एकाचे दोन झाले

१९६१ च्या जनगणनेनंतर नव्याने हद्दी आखल्या गेल्या आणि मुंबईच्या जागा चारवरून पाच झाल्या. वाढती उपनगरं दोन भागांत विभागली गेली: पश्चिम रेल्वेच्या बाजूची 'मुंबई उत्तर पश्चिम' आणि मध्य रेल्वेच्या बाजूची 'मुंबई उत्तर पूर्व'. आज वापरात असलेल्या नावांची सुरुवात इथून झाली.

मेनन यांना काँग्रेसने या वेळी तिकीट नाकारलं. ते उत्तर पूर्वमधून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने दिले स. गो. बर्वे, पानशेतच्या पुरानंतर पुण्यात केलेल्या कामासाठी ओळखले जाणारे माजी आयसीएस अधिकारी. १९६६ च्या जूनमध्ये स्थापन झालेली शिवसेना 'बाहेरचा उमेदवार नको' म्हणत मेनन यांच्या विरोधात उतरली. बर्वे सुमारे १३ हजार मतांनी जिंकले. पण निकालानंतर थोड्याच दिवसांत, ६ मार्च १९६७ रोजी त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांना उभं केलं. मेनन पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले.

उत्तर पश्चिममधून त्या वर्षी काँग्रेसचे शांतिलाल शहा निवडून आले. १९७१ च्या इंदिरा लाटेत उत्तर पूर्वमधून कामगार नेते राजा कुलकर्णी आणि उत्तर पश्चिममधून हरी रामचंद्र गोखले जिंकले. गोखले देशाचे कायदामंत्री झाले. हे नाव पुढच्या भागासाठी लक्षात ठेवा.

१९७६: रेषा गोठली

राज्यघटनेची मूळ कल्पना सरळ आहे. दर दहा वर्षांनी जनगणना व्हावी, तिच्या आधारे मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखाव्यात. या कामाला 'परिसीमन' किंवा बोलीभाषेत 'मतदारसंघांची पुनर्रचना' म्हणतात. ती करतो स्वतंत्र परिसीमन आयोग. आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचं बळ मिळतं. तो संसदेत मांडला जातो, पण संसद त्यात काहीही बदल करू शकत नाही.

१९७१ च्या जनगणनेवरून अशी पुनर्रचना झाली. महाराष्ट्राला लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा मिळाल्या. म्हणजे लोकसभेच्या एका जागेत विधानसभेच्या सहा जागा. मुंबईच्या लोकसभेच्या जागा सहा झाल्या. 'मुंबई उत्तर' ही नवी जागा तयार झाली. तिच्यात बोरिवली, कांदिवलीबरोबर खाडीपलीकडचे वसई आणि पालघरही होते.

विधानसभेला मुंबईच्या वाट्याला आल्या ३४ जागा. १७ शहरात, १७ उपनगरांत. १९७१ ला हे अगदी न्याय्य होतं, कारण शहराची लोकसंख्या होती ३० लाख ७० हजार आणि उपनगरांची २९ लाख.

मग आणीबाणीत, १९७६ मध्ये, ४२वी घटनादुरुस्ती आली. तिने ठरवलं की २००० सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागा आणि हद्दी आहेत तशाच राहतील. कारण असं दिलं गेलं की कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत. राज्या-राज्यांच्या तुलनेत हा मुद्दा खरा होता. पण त्याचबरोबर एकाच राज्याच्या, एकाच शहराच्या आतल्या रेषाही गोठल्या.

हे विधेयक लोकसभेत मांडलं कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी. म्हणजे मुंबई उत्तर पश्चिमच्या खासदारांनी. ज्या उपनगरांनी त्यांना निवडून दिलं, त्याच उपनगरांना पुढे या तरतुदीचा सगळ्यात मोठा फटका बसला.

३० वर्षांत काय झालं?

१९७६ नंतर मुंबई सरकली. गिरण्या बंद पडल्या, गिरगाव-परळ-लालबागच्या चाळींतली पुढची पिढी खोली विकून किंवा भाड्याने देऊन लोकलने उत्तरेकडे गेली. बोरिवलीत, मुलुंडमध्ये, गोरेगावात म्हाडाच्या आणि खासगी इमारती उभ्या राहिल्या. बाहेरून येणाऱ्यांनाही जागा परवडायची ती उपनगरांतच, बहुतेकदा झोपडपट्टीत. शहरातली वस्ती जवळजवळ जिथल्या तिथे राहिली, उपनगरांची तिप्पट झाली.

२००१ च्या जनगणनेतले आकडे बघा:

• मुंबई शहर: ३३ लाख ३८ हजार लोक, १७ आमदार. म्हणजे सरासरी १ लाख ९६ हजार लोकांमागे एक आमदार.

• मुंबई उपनगर: ८६ लाख ४० हजार लोक, १७ आमदार. म्हणजे सरासरी ५ लाख ८ हजार लोकांमागे एक आमदार.

थोडक्यात, गिरगावातल्या एका मताचं वजन बोरिवलीतल्या अडीच मतांएवढं होतं. लोकसभेचंही तेच. ३३ लाखांच्या शहराच्या वाट्याला जवळपास तीन खासदार, आणि ८६ लाखांच्या उपनगरांच्या वाट्याला तीन सव्वातीन, तेही वसई-पालघरबरोबर वाटून घेतलेले.

याचा अर्थ फक्त कागदी नाही. आमदाराला मिळणारा स्थानिक विकास निधी मतदारसंघ लहान की मोठा हे बघत नाही. विधानसभेत प्रश्न विचारायची संधीही माणशी नाही, आमदारामागे मिळते. पाणी, गटारं, स्टेशनवरचे पूल हे प्रश्न जिथे सगळ्यात जास्त होते, तिथेच ते मांडणारे माणशी कमी होते.

जगात इतरत्र असं झालंय का?

झालंय, आणि नॉर्वेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे १८५९ पासून घटनेतच असं कलम होतं की संसदेतल्या दोन तृतीयांश जागा ग्रामीण भागाला आणि एक तृतीयांश शहरांना मिळतील. त्याला 'शेतकरी कलम' म्हणत. सुरुवातीला हे शहरांच्या फायद्याचं होतं, कारण लोक बहुतेक खेड्यांत राहायचे. पुढे शहरं वाढली, आकडा मात्र तोच राहिला आणि शहरी मताचं वजन घटत गेलं. १९५२ मध्ये, म्हणजे भारतात पहिली लोकसभा आली त्याच वर्षी, नॉर्वेने हे कलम रद्द केलं.

आज नॉर्वेत १९ मतदारसंघ आणि १६९ खासदार आहेत. एका मतदारसंघातून अनेक खासदार निवडले जातात आणि पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. गंमत म्हणजे तिथल्या मतदारसंघांच्या हद्दी फारशा बदलत नाहीत. २०२० मध्ये सरकारने जिल्हे एकत्र करून त्यांची संख्या कमी केली, तरी मतदारसंघ १९ च राहिले. बदलतो तो आकडा: कोणत्या मतदारसंघाला किती खासदार, हे ठराविक वर्षांनी नव्याने मोजलं जातं. मोजताना लोकसंख्येबरोबर क्षेत्रफळही धरतात. एका माणसाला एक गुण, एका चौरस किलोमीटरला १.८ गुण. त्यामुळे उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या भागाला थोडं झुकतं माप मिळतं, पण ते उघडपणे, ठरवून दिलेलं असतं.

भारतात एका मतदारसंघाला एकच खासदार. त्यामुळे आकडा वाढवता येत नाही, रेषाच हलवावी लागते. आणि मुंबईत नेमकी तीच ३० वर्षं हलली नाही.

गोठलेल्या रेषांमधले खासदार: १९७७ ते २००४

या काळात उपनगरांच्या मुख्य जागा तीन होत्या: उत्तर, उत्तर पश्चिम आणि उत्तर पूर्व.

मुंबई उत्तर: १९७७ ला जनता पक्षाच्या मृणाल गोरे. गोरेगावच्या पाण्यासाठी हंडा मोर्चे काढणाऱ्या 'पाणीवाली बाई' थेट दिल्लीत गेल्या. १९८० ला रवींद्र वर्मा, १९८४ ला काँग्रेसचे अनुपचंद शहा. १९८९ पासून १९९९ पर्यंतच्या पाचही निवडणुका भाजपच्या राम नाईक यांनी सलग जिंकल्या. ते देशाचे पेट्रोलियम मंत्री झाले. २००४ ला अभिनेते गोविंदा यांनी काँग्रेसकडून त्यांना सुमारे ४८ हजार मतांनी हरवलं.

मुंबई उत्तर पश्चिम: १९७७ ला कायदामंत्री गोखले यांना राम जेठमलानी यांनी हरवलं. आणीबाणीचे कायदे करणारा वकील विरुद्ध आणीबाणीविरोधात लढणारा वकील, अशी ती लढत. जेठमलानी १९८० लाही जिंकले. १९८४ ला अभिनेते सुनील दत्त यांनी काँग्रेसकडून त्यांचा पराभव केला. दत्त १९८४, १९८९, १९९१, १९९९ आणि २००४ असे पाच वेळा निवडून आले. मधल्या १९९६ आणि १९९८ च्या निवडणुका शिवसेनेचे मधुकर सरपोतदार जिंकले. मे २००५ मध्ये मंत्रिपदावर असताना दत्त यांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत त्यांची मुलगी प्रिया दत्त निवडून आल्या.

मुंबई उत्तर पूर्व: १९७७ आणि १९८० ला सुब्रमण्यम स्वामी. १९८४ ला काँग्रेसचे गुरुदास कामत, १९८९ ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता, १९९१ ला पुन्हा कामत, १९९६ ला भाजपचे प्रमोद महाजन, १९९८ ला पुन्हा कामत, १९९९ ला भाजपचे किरीट सोमय्या, २००४ ला पुन्हा कामत. मुलुंड-घाटकोपरच्या या जागेचा विक्रम अजून मोडलेला नाही: १९८० नंतर इथला एकही खासदार सलग दुसऱ्यांदा निवडून आलेला नाही.

२००८: रेषा अखेर हलली

२००१ च्या जनगणनेनंतर जागा पुन्हा मोजायला हव्या होत्या. पण ८४व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्या. मात्र राज्याच्या आतल्या हद्दी बदलायला परवानगी मिळाली, आणि २००३ च्या ८७व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ चे आकडे वापरायचं ठरलं. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने हे काम केलं. नवे मतदारसंघ फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाले.

हिशोब साधा होता. महाराष्ट्राची २००१ ची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख, आमदार २८८. म्हणजे साधारण ३ लाख ३६ हजार लोकांमागे एक आमदार. या मापाने शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या आणि उपनगरांच्या १७ वरून २६ झाल्या. एकूण ३४ च्या ३६ झाल्या.

शहरातले ऑपेरा हाऊस, खेतवाडी, उमरखाडी, नागपाडा, माझगाव, चिंचपोकळी असे जुने मतदारसंघ नकाशावरून गेले. उपनगरांत दहिसर, मागाठाणे, चारकोप, दिंडोशी, वर्सोवा, चांदिवली, विक्रोळी अशी नवी नावं आली. वसई-पालघर मुंबई उत्तरमधून बाहेर पडले आणि पालघर ही लोकसभेची स्वतंत्र जागा झाली.

आज कोणता भाग कुठे?

उपनगर जिल्ह्यातल्या विधानसभेच्या २६ जागा लोकसभेच्या पाच मतदारसंघांत अशा विभागल्या आहेत:

• मुंबई उत्तर: बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप, मालाड पश्चिम.

• मुंबई उत्तर पश्चिम: जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम, अंधेरी पूर्व.

• मुंबई उत्तर पूर्व: मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व, मानखुर्द-शिवाजीनगर.

• मुंबई उत्तर मध्य: विलेपार्ले, चांदिवली, कुर्ला, कलिना, वांद्रे पूर्व, वांद्रे पश्चिम. यातला कुर्ला अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

• मुंबई दक्षिण मध्य: यात उपनगर जिल्ह्यातले फक्त अणुशक्तीनगर आणि चेंबूर येतात. बाकीचे चार मतदारसंघ शहर जिल्ह्यातले.

इथे एक घोळ नेहमी होतो. 'मुंबई उत्तर मध्य' हे नाव जुनं आहे. १९७७ ला अहिल्या रांगणेकर, १९८० ला प्रमिला दंडवते, १९९९ ला मनोहर जोशी याच नावाच्या जागेवरून निवडून आले. पण तेव्हाच्या उत्तर मध्यमध्ये दादर, माहीम, धारावी होते. आजच्या उत्तर मध्यमध्ये वांद्रे आणि पार्ले आहेत. नाव तेच, गाव वेगळं. त्यामुळे जुने आणि नवे निकाल शेजारी ठेवून 'या जागेचा कल बदलला' असं म्हणताना सावध राहायला हवं.

रेषा हलली, नेतेही हलले

२००९ ला नव्या नकाशावर पहिली निवडणूक झाली. प्रिया दत्त वांद्र्याच्या पाठोपाठ उत्तर पश्चिममधून उत्तर मध्यमध्ये गेल्या आणि जिंकल्या. एकनाथ गायकवाड धारावीच्या पाठोपाठ उत्तर मध्यमधून दक्षिण मध्यमध्ये गेले. गुरुदास कामत यांनी उत्तर पूर्व सोडून उत्तर पश्चिम गाठलं आणि तिथून जिंकले.

बाकी दोन जागांचे निकाल अटीतटीचे लागले. उत्तर पूर्वमध्ये राष्ट्रवादीचे संजय दिना पाटील यांनी किरीट सोमय्यांना २,९३३ मतांनी हरवलं. उत्तरमध्ये काँग्रेसचे संजय निरुपम यांनी राम नाईकांना ५,७७९ मतांनी. दोन्हीकडे मनसेच्या उमेदवारांनी लाखाहून जास्त मतं घेतली होती.

त्यानंतरचे निकाल असे:

• मुंबई उत्तर: २०१४ आणि २०१९ ला भाजपचे गोपाळ शेट्टी. २०१९ चा फरक होता ४,६५,२४७ मतांचा, समोर होत्या अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर. २०२४ ला भाजपचे पीयूष गोयल, ३,५७,६०८ मतांनी.

• मुंबई उत्तर पश्चिम: २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे गजानन कीर्तिकर. २०२४ ला रवींद्र वायकर, ४८ मतांनी. हरलेले अमोल हे गजानन कीर्तिकरांचेच चिरंजीव.

• मुंबई उत्तर पूर्व: २०१४ ला भाजपचे किरीट सोमय्या, २०१९ ला भाजपचेच मनोज कोटक, २०२४ ला ठाकरे गटाचे संजय दिना पाटील.

• मुंबई उत्तर मध्य: २०१४ आणि २०१९ ला भाजपच्या पूनम महाजन, २०२४ ला काँग्रेसच्या वर्षा गायकवाड. समोर होते वकील उज्ज्वल निकम.

आता बोरिवली आणि अंधेरीची तुलना करा. दोन्ही पश्चिम रेल्वेवर, दोन्हीकडे लोकसभेला विधानसभेच्या सहा-सहा जागा. एकीकडे साडेतीन लाखांचा फरक, दुसरीकडे ४८ चा. मालाड-गोरेगावच्या मध्ये कुठेतरी जाणाऱ्या एका रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे निवडणूक इतकी वेगळी होते.

पुढे काय?

२००८ ची रेषाही आता जुनी होत चालली आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या घटून ३० लाख ८५ हजार झाली आणि उपनगरांची वाढून ९३ लाख ५७ हजार. म्हणजे आमदारामागे शहरात साधारण ३ लाख ९ हजार, तर उपनगरांत ३ लाख ६० हजार लोक. पूर्वीसारखं अडीचपट नाही, पण तराजू पुन्हा कलायला लागला आहे. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. सरकारने पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर केली.

८४व्या दुरुस्तीनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच जागा गोठलेल्या आहेत. त्यामुळे या जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेवर देशभर वाद आहे. दक्षिणेतल्या राज्यांना जागा कमी होण्याची भीती आहे. १०६व्या घटनादुरुस्तीतलं महिला आरक्षणही याच पुनर्रचनेशी जोडलेलं आहे. हा वाद ऐकताना मुंबईचा अनुभव आठवावा. राज्या-राज्यांमधलं वाटप किती बदलावं यावर दोन मतं असू शकतात. पण एकाच शहरातल्या दोन स्टेशनांवरच्या मतांचं वजन सारखं असावं, यावर वाद घालायचं कारण नाही. १९७६ ला हे दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले गेले आणि त्याची किंमत उपनगरांनी सहा लोकसभा निवडणुकांहून जास्त काळ मोजली.

शेवटी एक कामाची गोष्ट. तुमच्या घरावरून तीन वेगवेगळ्या रेषा जातात: महापालिकेच्या २२७ प्रभागांपैकी एकाची, विधानसभेची आणि लोकसभेची. अंधेरीचा पत्ता असला म्हणजे मतदारसंघ 'अंधेरी'च असेल असं नाही, तो वर्सोवा किंवा जोगेश्वरी पूर्वही असू शकतो. मतदार यादीतल्या तुमच्या नावापुढे विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक असतो. उपनगर जिल्ह्यात तो १५२ ते १७७ यांच्यापैकी एक असेल. तो क्रमांक माहीत असला की आपला आमदार कोण, खासदार कोण आणि पुढच्या पुनर्रचनेत नेमकं काय बदललं, हे तीनही प्रश्न सुटतात. परिसीमन आयोग अंतिम आदेश काढण्याआधी प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवतो. रेषा आखली जाण्याआधी बोलायची संधी असते ती तेवढीच.